जेवत नाही, पण वजन वाढतंय

लखनौत मी जनावरांची डॉक्टरकी केली, ती जवळजवळ एकाच वाक्याच्या सोबतीने. "डॉक्टरनी साहिबा, कुछ खाता ही नहीं." बकरी असो, पोपट असो, कुत्रा असो, माणूस दारातून आत येता येताच हे म्हणायचा. म्हशीच्या बाबतीत ते खरं निघायचं. म्हशीने चारा सोडला की दूधही आटतं, त्यामुळे दूधवाले भैया उगाच बोलत नसत. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र हे वाक्य ऐकलं की मला आधी थकवा यायचा आणि मग प्रश्न सुचायचे. कुत्रा खात नाही म्हणजे बहुतेक वेळा एवढंच, की मालक देतो ते खात नाही.

मी मूळची अकोल्याची. नागपुरात शिकले, वर्गात मुलगी मी एकटीच. यजमान लखनौच्या एका संशोधन संस्थेत होते, म्हणून लग्नानंतर तिकडे गेले आणि तिथलीच झाले. सत्तरच्या दशकात निशातगंजच्या एका गल्लीत दोन खोल्या घेऊन दवाखाना थाटला. शेजारी गाद्या भरणारा पिंजारी. दिवसभर कापूस उडून आत यायचा आणि माझे पेशंट शिंकायचे. त्यांना सर्दी झालेली नाही, हे मालकांना पटवण्यात माझी पहिली काही वर्षं गेली. बाईमाणूसही जनावरांची डॉक्टर असू शकते, हे पटवण्यात त्याहून जास्त. "डॉक्टर साहब कहाँ हैं?" असं म्हणत लोक माझ्या खुर्चीच्या मागे बघायचे. मी म्हणायची, "सामने बैठी हूँ."

एक वकीलसाहेब होते. त्यांची स्पॅनियल कुत्री एकटी जेवत नसे, असं त्यांचं म्हणणं. मग साहेब कोर्टातून आले की काळा कोट उतरवून जमिनीवर बसत, तिच्या ताटलीजवळ तोंड नेऊन खोटा खोटा घास घेत आणि "वाह, क्या लज़ीज़ है" म्हणत. तेव्हा ती दोन घास खाई. हे त्यांनी मला दवाखान्यात करून दाखवलं, बाकावर माणसं बसलेली असताना. मी सांगितलं, ताटली ठेवा, पाठ फिरवा, थोड्या वेळाने उचलून घ्या, मधे काही देऊ नका.

"और अगर भूखी सो गई तो?"

"तो सुबह खाएगी."

साहेबांनी कुत्रीला उचलून छातीशी धरलं. ते पुन्हा आले नाहीत. असे पुष्कळ जण पुन्हा आले नाहीत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमच्या कामात सुया आणि टाके असतात. असतात, पण निम्मं काम घरातल्या माणसांचं असतं. पिल्लू खात नाही म्हटल्यावर मी आधी त्याचं तोंड उघडून बघायची, ताप बघायची, जंतांचं औषध द्यायची. यातलं काही नसेल तर मग घरात कोण कोण आहे, हे विचारायची. आजोबा बिस्किट देतात, मुलं जिलबी देतात, मोलकरीण दुधाची साय देते आणि बाई पोट भरलेल्या पिल्लासमोर ताटली ठेवून "खा ना रे राजा" म्हणत बसते. ते खाणार कसं? दुसरी तक्रार याच्या उलट. पिल्लू ताटलीजवळ कोणाला येऊ देत नाही, गुरगुरतं, प्रसंगी चावतं. लोकांना वाटतं, ते माजलंय. ते घाबरलेलं असतं. ताटलीजवळ आलेला हात आपलं अन्न नेतो, एवढं त्याला कळलेलं असतं, आणि ते चुकीचंही नसतं.

आता खरी पंचाईत पुढे. पिल्लू चोखंदळ असेल तर न खाल्लेली ताटली उचलायची असते. पिल्लू गुरगुरणारं असेल तर ताटली अजिबात उचलायची नसते. एकाच पिल्लाला दोन्ही रोग असतील तर काय करायचं? पुस्तकात याचं उत्तर मला कधी सापडलं नाही. आलमबागच्या चिकूला हे दोन्ही होतं.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. अशोक गाडेकर नावाचे बँकेतले अधिकारी नगर जिल्ह्यातून बदलून लखनौला आलेले. आलमबागेत पहिल्या मजल्यावर भाड्याने राहायचे. त्यांची बायको उषाताई एका डिसेंबरात सायकलरिक्षाने माझ्याकडे आल्या. मांडीवरच्या पिशवीतून एक तपकिरी पिल्लू डोकं काढून बघत होतं. आई पॉमेरियन आणि बाप गल्लीतला, असा त्याचा कुळवृत्तांत. बरोबर मुलगी मंजिरी, आठ-नऊ वर्षांची. आई मराठीत बोलायची आणि मुलगी हिंदीत उत्तर द्यायची, आमच्याकडच्या बहुतेक मराठी घरांसारखं.

"डॉक्टरबाई, हा जेवतच नाही हो. दूध-पोळी नको, भात नको. ताटली हुंगतो आणि तिच्याशेजारी पडून राहतो. उचलायला गेलं की गुरगुरतो."

"पापा को भी गुर्राता है," मंजिरी म्हणाली.

मी चिकूला तपासलं. डोळे लख्ख, हिरड्या गुलाबी, पोट टम्म. जंतांचं औषध देऊन पाठवलं आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं. तेव्हा पिल्लांचं वजन मी ताणकाट्याला पिशवी टांगून करायची. दुसऱ्या खेपेला काटा चांगलाच पुढे गेला होता.

"उषाताई, हा जेवत नाही ना?"

"एक घाससुद्धा नाही."

"मग हा वाढतोय कशावर?"

मी विचारलं, घरात कोण कोण? त्या म्हणाल्या, आम्ही तिघं आणि सासरे. पण सासऱ्यांचा उजवा हात अर्धांगाने गेलेला, ते खाटेवरून फारसे उठत नाहीत, आणि त्यांचं जेवण त्या स्वतः समोर उभ्या राहून करून घेतात. "ताट अगदी लख्ख करतात दादा," त्या म्हणाल्या. एवढं बोलताना त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला.

त्यानंतर चारच दिवसांनी गाडेकर स्वतः आले. स्कूटर बाहेर लावून हेल्मेट हातात घेऊन उभे.

"मॅडम, चावला. उषाच्या मनगटाला. दादांच्या खाटेखाली केर काढत होती, तर हा आतून आला आणि धरलंच. तिला पोटातली इंजेक्शनं सुरू झाली आहेत. मी आता स्पष्टच विचारतो, याला काही देता येईल का? नाहीतर रविवारी बाराबंकीच्या रस्त्याला सोडून येतो."

असं विचारणारे माझ्याकडे नेहमी येत. काहींना मी 'हो' म्हटलंय, कारण जनावराचे हाल होत होते. धडधाकट पिल्लासाठी विचारणारे आले की दिवसाचा उरलासुरला जोर निघून जायचा. पण या वेळी नियम माझ्या बाजूने होता. चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. तो धड राहिला तर बाईंची इंजेक्शनं मधेच थांबवता येणार होती. सोडून दिला तर सगळा कोर्स पुरा करायला लागला असता.

"दहा दिवस बांधून ठेवा. मी घरी येऊन बघते," मी म्हटलं. "आणि त्याची ताटली कोण उचलतं?"

"मी. खालचे सुभेदारसाहेब म्हणाले, लहान असतानाच मालक कोण ते दाखवायला पाहिजे. खाताना मधेच ताटली काढून घ्यायची. गुरगुरला की पेपरची सुरळी करून नाकावर एक."

"म्हणजे दाखवलंत," मी म्हटलं. त्यांना ते कळलं नाही. मीही समजावत बसले नाही. मागे रांग होती.

आलमबागेत तेव्हा बस अड्ड्याचा गोंगाट आणि भाजीवाल्यांच्या आरोळ्या थेट वरच्या मजल्यापर्यंत यायच्या. गाडेकरांच्या घरामागे एक बंदिस्त गच्ची होती, तिथे उन्हात दादांची खाट. अंगावर रजई, डोक्याला मफलर, उजवा हात रजईवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते ते. राहुरीकडे शेताशेताला पाणी सोडण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. बायको वारली, मग हे आजारपण, मग मुलाने इकडे आणलं. हिंदी कळायची, पण बोलायला जीभ वळत नसे. दिवसभरात त्यांच्याशी मराठीत बोलणारं माणूस म्हणजे सून.

चिकूला गच्चीच्या कठड्याला बांधलं होतं. मी उषाताईंना म्हटलं, नेहमीसारखं द्या त्याला. त्यांनी दूध-पोळी ठेवली. त्याने हुंगली आणि तोंड फिरवलं. मग मी त्याला सोडायला सांगितलं. तो थेट दादांच्या खाटेखाली गेला आणि पसरला. मी लांबच उकिडवी बसून वाकून पाहिलं. त्याने गुरगुरून दात दाखवले, मी तिथेच राहिले. त्याच्या पुढच्या पायांमधे तुकडे होते. काही जुने, वाळून कडक झालेले. करड्या रंगाचे.

ती बाजरीची भाकरी होती.

"उषाताई, घरात बाजरी कोण खातं?"

"फक्त दादा. आम्हाला नाही झेपत. त्यांच्यासाठी मी बाजारातून पीठ आणून रोज थापते." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

मी खाटेजवळच्या स्टुलावर बसले. दादा कठड्याकडे बघत होते.

"दादा," मी हळूच म्हटलं, "कुत्र्याला बाजरी आवडते वाटतं."

ते जड जिभेने म्हणाले, "तुम्ही हुशार आहात."

"किती दिवस चाललंय?"

"ते आलं तेव्हापासून. त्याच्या आधी उशीखाली ठेवायचो, मग कावळ्यांना. हे आलं, बरं झालं. आवाज न करता खातं."

"आणि तुम्ही?"

"चहा घेतो. दूध घेतो. खातो थोडंबहुत." त्यांनी डावा हात उचलून दाखवला. "ह्या हाताने खायचं. घास ताटातून तोंडापर्यंत जाईस्तोवर अंगावर सांडतो. ती लगेच पुसते. समोर उभीच असते. एक घास अजून, दादा, एवढा एक. लेकराला भरवावं तसं. घास घशाखाली उतरत नाही, बाई. मग ती पाणी आणायला आत गेली की भाकरी खाली जाते. ताट मोकळं दिसलं की ती खूश. कुत्रं खूश. कोणाचं काय बिघडतं?"

मी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. रजईबाहेर आलेलं ते मनगट नुसतं हाड होतं. एखादी गाय अशी दिसली असती तर मी गोठ्यातच मालकावर ओरडले असते.

"तुमचं बिघडतं," मी म्हटलं.

"माझं आता काय उरलंय बिघडायला?"

"आणि त्याचंही. दादा, तो उषाताईंना चावला तो या भाकरीवरून. त्याला वाटलं, त्या ती काढून न्यायला आल्यात. तुमचा मुलगा त्याला रविवारी सोडून येणार होता."

हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, सुनेचा पाय त्याच्यावर पडला असेल म्हणून चावला. त्यांचं तोंड एका बाजूने हललं. मग एवढंच म्हणाले, "तिला सांगू नका. ती लई करते माझं. खचून जाईल."

आतून कपबशांचा आवाज आला. मी म्हटलं, "दादा, मी तुमची डॉक्टर नाही. त्यामुळे तुमचं गुपित ठेवायचं बंधनही माझ्यावर नाही."

चहा मी कसाबसा घेतला. जिन्यात उषाताई मला सोडायला आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं. शक्य तेवढं सरळ. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"तुम्ही कुत्र्याच्या डॉक्टर आहात," त्या म्हणाल्या. "कुत्र्याचं काय ते सांगा."

"कुत्र्याचंच सांगतेय."

"मी समोर उभी राहून जेवायला घालते त्यांना. समोर उभी राहून!" त्यांचा आवाज जिन्यात घुमला. मग त्यांनी दार लावून घेतलं.

मी स्कूटरवाल्यांच्या गर्दीतून चालत रिक्षापर्यंत आले. अशा वेळी वाटायचं, गाई-म्हशींचीच प्रॅक्टिस करायला हवी होती. गोठ्यात कोणाचं मन दुखावत नाही.

दोन दिवसांनी उषाताई दवाखान्यात आल्या, एकट्याच. कुत्रा नाही, पिशवी नाही. बाकावर एका बोकडाच्या आणि एका म्हाताऱ्या अल्सेशियनच्या मधे त्या नंबर येईपर्यंत बसून राहिल्या. मनगटाला पट्टी होती. आत आल्यावर म्हणाल्या, "मी आडून पाहिलं. तुम्ही म्हणालात तसंच."

मी त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं.

"इकडे आणायला निघालो ना, तेव्हा स्टेशनवर सगळ्यांसमोर नणंद म्हणाली होती, 'वहिनी, त्यांना परमुलखात नेऊन उपाशी मारू नकोस.' त्या दिवसापासून मी त्यांच्या ताटावरून हलले नाही, डॉक्टरबाई. काय चुकलं माझं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही चिकूलाही असंच भरवायला बसता ना? हातात घास घेऊन, खा ना रे, खा ना रे?"

"हो."

"त्याला मी जे सांगणार आहे, तेच इथेही करून बघा. समोर ठेवायचं आणि निघून जायचं. आणि दादांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या. ते माझं काम नाही."

मग मी त्यांना उपचार सांगितला. चिकूची जागा बदलायची, गच्चीतून स्वयंपाकघराच्या दाराशी. खाटेखालची जागा एकदा, तो बाहेर असताना, धुऊन काढायची आणि मग तिथे हात घालायचा नाही. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी ताटली, मधे कोणी काही द्यायचं नाही. नाही खाल्लं तर ताटलीला हात न लावता त्याला दुसऱ्या खोलीत खेळायला बोलवायचं आणि त्याच्या नजरेआड ती उचलायची. आमच्या पंचाईतीचं मला सापडलेलं उत्तर ते हेच. आणि तो खायला लागला की शेजारून जाता जाता उकडलेल्या अंड्याचा एक तुकडा लांबून ताटलीत टाकायचा आणि न थांबता पुढे जायचं. आलेला हात काही घेत नाही, उलट देऊन जातो, हे त्याला कळेपर्यंत.

"हे टाकायचं काम दादांना द्या," मी म्हटलं. "डावा हात आहे ना? खुर्ची दाराशी ठेवा. आणि त्यांना सांगा, तुमच्या ताटातला एक कण जरी त्याला मिळाला तरी सगळं फुकट जाईल. तो त्याचं खाणार नाही, राखत बसेल, पुन्हा चावेल."

हे खरंच होतं. मी दादांना धाक घालण्यासाठी रचलं नव्हतं. पण धाक बसला तर मला हवाच होता.

पहिले दोन दिवस चिकूने काही खाल्लं नाही आणि रडून घर डोक्यावर घेतलं. मंजिरीही रडली, "डॉक्टर आंटी गंदी हैं" असं माझ्याबद्दल तिचं मत झालं. तिसऱ्या दिवशी त्याने थंडगार दूध-पोळी उभ्या उभ्या संपवली. दहा दिवस सरले, कुत्रा धड, उषाताईंची इंजेक्शनं थांबली. दादांना ताटाऐवजी खोलगट वाडगा दिला, भाकरी दुधात कुस्करून, आणि चमचा. वाडगा ठेवून उषाताई आत जायच्या आणि मोरीत उगाच भांडी वाजवत बसायच्या, बाहेर येऊ नये म्हणून. त्यांनीच मला सांगितलं. पहिल्या दिवशी अर्धा वाडगा तसाच होता. "पण उरलेलं वाडग्यात होतं, डॉक्टरबाई. खाली नव्हतं." एखाद्या घराच्या दृष्टीने उरलेलं अन्न ही चांगली बातमी असू शकते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सगळं सरळ मात्र झालं नाही. असं कधी होत नाही. एकदा दादांनाच राहवलं नाही, त्यांनी भाकरीचा तुकडा टाकला, आणि चिकूने त्या दिवशी स्वतःची ताटली बघितलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दादांची चोरी अशी कुत्र्यानेच उघड केली. आणि महिनाभराने गाडेकरांनी पाहुण्यांसमोर, आता बघा कसा सुधारलाय म्हणून, खाणाऱ्या चिकूची ताटली उचलली. तो चावला नाही, पण हवेत दात वाजवले. साहेब संतापून माझ्याकडे.

"महिना झाला, मॅडम. आता तर चालायला पाहिजे ना?"

"गाडेकरसाहेब, तुम्ही जेवत असताना पाहुण्यांना दाखवायला मी तुमचं ताट उचललं तर?"

"मी माणूस आहे."

"म्हणून तुम्ही चावणार नाही. पण परत माझ्याकडे जेवायला येणार नाही."

ते हसले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी ताटलीला हात लावला नाही. पुढे त्यांनीही अंड्याचे तुकडे टाकायला सुरुवात केल्याचं कानावर आलं. हे काम एवढंच असतं. तेच तेच सांगायचं, तेच तेच परत बिघडायचं, आणि पुन्हा तेच सांगायचं. यात शौर्य काही नाही.

दादांनी तो हिवाळा काढला. पुढचा उन्हाळा, पावसाळा आणि आणखी एक हिवाळाही काढला. मी लसीसाठी गेले की दाराशी खुर्चीत बसलेले दिसायचे, गाल जरा भरलेले, मांडीवर वाटीत अंड्याचे तुकडे. "तुमच्या पेशंटचं पाणी मी सोडतो," म्हणायचे. "वेळेवर आणि मोजून." पिल्लाचा तोवर चांगला आडवातिडवा कुत्रा झाला होता.

होळीनंतर एका सकाळी ते उठलेच नाहीत. झोपेतच गेले. मी भेटून आले, पण घर माणसांनी भरलेलं होतं, बोलणं झालं नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर उषाताई चिकूला घेऊन लसीसाठी आल्या. बाकावर त्या दिवशी कोणी नव्हतं. चिकू टेबलाखाली बसला. त्या बोलल्या त्या एकदम.

"त्या सकाळी सगळे रडत होते. बिल्डिंगमधली माणसं आलेली. चिकूची वेळ झाली तशी मंजिरीने सवयीने त्याची ताटली ठेवली. बायका म्हणाल्या, रहने दो बेटा, आज ये नहीं खाएगा, ये सब समझते हैं. आणि ह्याने सगळं खाल्लं, डॉक्टरबाई. चाटूनपुसून. दादा आत जमिनीवर, आणि हा ताटली चाटत होता. मला इतका राग आला, वाटलं, ह्यालाच काय ते सांभाळलं दादांनी?"

मी म्हटलं, "कुत्री जेवतात, उषाताई. कुत्र्यांच्या उपासाच्या सगळ्या गोष्टी खऱ्या नसतात."

"ते नाही." त्यांनी मान हलवली. जे विचारायला आल्या होत्या ते अजून राहिलंच होतं. "आदल्या रात्री मी वाडगा ठेवला आणि आत गेले. तुम्ही सांगितलं होतं तसं. परत आले तेव्हा वाडगा रिकामा होता. शेवटचं जेवले ते, आणि मी बघितलं नाही. जेवले की नाही, तेही मला माहीत नाही. की परत ह्यालाच घातलं? लोक विचारतात, शेवटी काही खाल्लं का हो? मी काय सांगू?"

माझ्या सल्ल्याचा हा परिणाम मी हिशेबात धरलेलाच नव्हता. त्यांच्याकडे बघवेना. मी चिकूकडे पाहिलं. आणि मग एवढी सोपी गोष्ट मला सुचायला वेळ लागला, याचंच नवल वाटलं.

"सकाळी ह्याने सगळं खाल्लं म्हणालात?"

"हो. सगळं."

"दादांच्या वाडग्यातलं मिळालं की हा दुसऱ्या दिवशी स्वतःच्या ताटलीकडे बघत नाही. आठवतं ना? एका तुकड्यासाठी ह्याने दोन दिवस ताटली नाकारली होती. आदल्या रात्री दादांनी ह्याला घातलं असतं, तर सकाळी ह्याने ताटलीला तोंडच लावलं नसतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"दादा जेवले होते, उषाताई. त्यांनीच खाल्लं. लोकांना तसं सांगा."

आयुष्यात मी पुष्कळ निदानं केली, आणि त्यातल्या निम्म्यांच्या मागे 'बहुतेक' हा शब्द मनातल्या मनात लावला. इथे मी तो लावला नाही.

उषाताई खाली बसल्या, फरशीवरच, साडी सावरली नाही. टेबलाखाली हात घालून त्यांनी चिकूला बाहेर ओढलं, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि रडल्या. "खाल्लं त्यांनी," त्या त्याला सांगत होत्या, "खाल्लं ना रे?" तो मागे सरला नाही. मी लस काढून हातात तयार धरली होती. ती परत बर्फात ठेवली आणि त्यांचं होईपर्यंत थांबले.